स्पर्शलिपीतील भेद आणि वाचकाचा अधिकार

मुद्रणे बदलली तरी संहिता तीच राहते, हे गृहीतक साहित्यविचारात सहसा तपासले जात नाही. लंडनमध्ये छापलेली इंग्रजी कादंबरी न्यूयॉर्कमधील वाचक वर्णलेखनातील किरकोळ फरक सोडता निर्वेधपणे वाचू शकतो. अंध वाचकाच्या बाबतीत मात्र हे गृहीतक दीर्घकाळ खोटे ठरले. भाषा एक, शब्दही तेच. परंतु बोटांखाली येणारी चिन्हे वेगळी. हा भेद निव्वळ तांत्रिक मानावा, की त्यात वाचकाच्या अधिकाराचा प्रश्न गुंतलेला आहे?

लुई ब्रेल यांनी १८२९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीच्या सहा बिंदूंतून त्रेसष्ट चिन्हे सिद्ध होतात. अक्षरे, अंक, विरामचिन्हे आणि शब्दसंक्षेप एवढ्यातच बसवायचे असल्याने एका चिन्हावर अनेक अर्थ लादावे लागतात. कोठे कोणता अर्थ घ्यायचा हे संकेत ठरवतो. आणि संकेत देशोदेशी निराळे होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एकट्या अमेरिकेतच न्यूयॉर्क पॉइंट, अमेरिकन ब्रेल आणि ब्रिटिश ब्रेल या पद्धती शेजारी शेजारी नांदत होत्या. हेलन केलर यांच्यासारख्या वाचकाला त्यामुळे एकाहून अधिक लिपी आत्मसात कराव्या लागल्या. १९३२ मध्ये लंडन येथे समझोता झाला, तरी सर्व भेद मिटले नाहीत.

त्यांपैकी एक भेद विशेष उद्बोधक आहे. अमेरिकन ब्रेलमध्ये मोठ्या अक्षरापूर्वी स्वतंत्र खूण येई. ब्रिटिश ब्रेलमध्ये विसाव्या शतकाच्या बऱ्याच काळात ती सामान्यतः गाळली जाई. खूण गाळल्याने जागा वाचते आणि वाचनाचा वेग वाढतो, ही भूमिका असमंजस नव्हती. देवनागरीत मोठे अक्षर नसल्याने मराठी वाचकाला तर हा लोप क्षुल्लकच वाटेल. परंतु ई. ई. कमिंग्ज यांची कविता घ्यावी. इंग्रजीत मोठ्या अक्षराने लिहिण्याचे प्रथमपुरुषी सर्वनाम हा कवी लहान अक्षरात लिहितो. जेथे मोठे अक्षरच नोंदले जात नाही, तेथे हे नियमोल्लंघन जाणवणार कसे? वाचकाच्या सोयीसाठी केलेली कपात कवितेचा एक अर्थच हिरावून घेते, आणि काही हिरावले गेले आहे हे वाचकाला कळतही नाही.

उलट दिशेचा युक्तिवादही तितकाच तपासून घ्यावा लागतो. १९९१ मध्ये अमेरिकेत टिम क्रॅनमर आणि अब्राहम नेमेथ यांनी एकीकृत संकेताचा प्रस्ताव मांडला. त्यातून विकसित झालेली एकीकृत इंग्रजी ब्रेल ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांनी २००५ मध्ये, ब्रिटनने २०११ मध्ये आणि अमेरिकेने २०१२ मध्ये स्वीकारली. संदिग्धता टाळण्यासाठी तिने नऊ जुने संक्षेप वगळले. ‘बीएलई’ या अक्षरगटाचे चिन्ह अंकसूचक खुणेशी एकरूप होते, ‘सीओएम’चे संयोगचिन्हाशी. संगणकीय रूपांतर आणि ग्रंथांची देवघेव यांमुळे सुकर झाली, हे निर्विवाद. तथापि ज्यांच्या बोटांत जुने संक्षेप मुरले होते, त्यांना आपल्याच भाषेचे वाचन काही अंशी नव्याने शिकावे लागले. अमेरिकेने तर नेमेथ यांची गणितलिपी सोबत कायम ठेवली. ऐक्यही विनामूल्य नसते.

भारती ब्रेलचा दाखला येथे बोलका आहे. १९५१ मध्ये मान्य झालेल्या या पद्धतीत देवनागरी, बंगाली, तमिळ अशा भिन्न लिपींतील ‘क’ला एकच चिन्ह आहे. डोळसांच्या लिपी अनेक असता स्पर्शलिपी एक होऊ शकते आणि डोळसांची लिपी एक असता स्पर्शलिपी अनेक होऊ शकतात. म्हणजे भेद अथवा ऐक्य स्पर्शाच्या स्वभावातून उद्भवत नाही. तो माणसांनी घेतलेला निर्णय असतो आणि निर्णयाला उत्तरदायित्व असते.

एकरूपता म्हणजे न्याय, हे समीकरण म्हणूनच अपुरे ठरते. पृष्ठावर जे आहे ते सर्व वाचकापर्यंत पोहोचवणे हे संहितेविषयीचे कर्तव्य होय. त्यातले काय ओलांडून पुढे जायचे, हे ठरवणे हा वाचकाचा अधिकार. डोळस वाचक हा अधिकार प्रत्येक पानावर नकळत बजावतो. बोटांनी वाचणाऱ्याच्या वतीने तो दुसऱ्याने परस्पर बजावला, तर त्यामागील सद्हेतूने त्याचे समर्थन होत नाही.