पेजेनंतरचं ताट

आजारपणातल्या जेवणाविषयी मराठीत जे काही लिहिलं जातं, ते बहुतेक वेळा गुरगुट्या भातापाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं. भातावर मेतकूट, साजूक तुपाची धार, जिभेची चव परत यावी म्हणून लिंबाच्या लोणच्याचा खार. ही आठवण खरी आहे आणि मलाही ती प्रिय आहे. पण महाराष्ट्रातल्या सगळ्या आजाऱ्यांच्या ताटात मेतकूट कधीच नव्हतं. सोलापूर-मराठवाड्याकडे ज्वारीच्या कण्या शिजवून ताकात कालवून देतात. सिंधुदुर्गात आणि गोव्यात उकड्या तांदळाची पेज. कोल्हापूर-साताऱ्याकडे मटण शिजताना त्याचं अळणी बाजूला काढतात. हळद-मिठाचं ते पिवळसर गरम पाणी आधी आजाऱ्याला, मग पोरांना, आणि मग उरलेल्याचा तांबडा रस्सा होतो. सर्दी छातीत उतरली की किनाऱ्यावरच्या घरांत चिंबोऱ्या कुटून त्यांचं कढण करतात. कितीतरी घरांत बकऱ्याचे पाय रात्रभर मंद चुलीवर असतात. छापील आठवणींत यातलं फार थोडं आलं, कारण लिहिणारी घरं ठरावीक होती. आजारी माणसाला काय द्यावं याचं शहाणपण मात्र सगळ्याच घरांत होतं.

माझा मुद्दा या शहाणपणाच्या अर्ध्या भागाविषयी आहे. आजाऱ्याला पहिल्या दोन दिवसांत काय द्यायचं हे आपण नीट जपलं. तिसऱ्या दिवसापासून त्याला पुन्हा भरल्या ताटापर्यंत कसं न्यायचं, हे सोडून दिलं.

आधी पेजेला तिचं श्रेय दिलं पाहिजे. उकडे तांदूळ दोन पाण्यांनी धुवायचे, आठ-दहा पट पाण्यात टाकायचे आणि आच बारीक ठेवायची. पहिला कढ आला की फेस वर चढतो, तो पळीने मोडायचा. पुढे बराच वेळ काहीच घडत नाही असं वाटतं. मग दाणा मधोमध फुटतो, पाणी दुधाळ होऊन पळीच्या पाठीला चिकटू लागतं. एवढ्या वेळात तांदळातल्या पिठूळ भागाने पाणी शोषून घेतलेलं असतं, तो फुगून मोकळा झालेला असतो. पोटाने करायचं निम्मं काम पातेल्यातच उरकतं. उकडा तांदूळ सालीसकट उकडून मग सडलेला असल्यामुळे कोंड्यातलं ब जीवनसत्त्व काही प्रमाणात दाण्यात मुरलेलं असतं. वर मीठ पडतं. पाणी, मीठ आणि पिष्ट अशा तऱ्हेचा मेळ किती मोलाचा आहे ते १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत दिसलं. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांमध्ये कॉलऱ्याची साथ होती, शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पिंपांतून वाटायला लावलं आणि ते नातेवाइकांच्याच हाताने पाजवलं. साखरेच्या सोबतीने मीठ आतड्यात शिरतं आणि मिठामागून पाणी, हे त्यामागचं शास्त्र. पुढे तांदळाच्या पिठाचं तसंच द्रावण करून पाहिलं, तेव्हा कॉलऱ्याच्या रुग्णांत जुलाबाचं प्रमाण जुन्या ग्लुकोजच्या द्रावणापेक्षाही कमी राहिलं. म्हणून काही जुलाब लागलेल्या बाळाला ओआरएसऐवजी घरची पेज देऊन थांबता येत नाही, तिथे मिठाचं माप अचूकच लागतं. पण पेज पाजणाऱ्या हातांना जे उमगलं होतं ते पोकळ नव्हतं, एवढं नक्की.

आता हिशेब करून पाहू. एका वाटीभर पातळ पेजेत साधारण पंचवीस ग्रॅम तांदूळ असतो. त्यातून नव्वदच्या आसपास कॅलरी आणि जेमतेम दोन ग्रॅम प्रथिनं मिळतात. दिवसात चार वाट्या घेतल्या तरी प्रथिनं आठ ग्रॅम. पंचावन्न किलो वजनाच्या धडधाकट बाईला रोज पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास लागतात. तापात ही गरज वाढते. अंगातला ताप एक अंश सेल्सिअसने चढला की शरीराचा खर्च दहा टक्क्यांहून थोडा अधिक वाढतो, आणि तोंडाला चव नसल्याने नेमकं तेव्हाच खाणं घटतं. ही तूट शरीर स्वतःच्या स्नायूंतून भरून काढतं. टायफॉइडमधून उठलेल्या माणसाचे पाय जिना चढताना लटपटतात, ‘अंगात काही राहिलं नाही’ असं तो म्हणतो, ते अक्षरशः खरं असतं. साबुदाण्याची पेज तर याहून रिकामी, त्यात प्रथिनं नावापुरतीही नाहीत. आणि चहात बुडवलेली ग्लुकोजची बिस्किटं, जी आज लाखो घरांत आजारपणाचं मुख्य अन्न झाली आहेत, त्यांच्या पुड्यावरच्या नावाने कुणाचं बळ परत येत नाही.

ज्या परंपरेचं नाव घेऊन आपण आठवडाभर पेजेवर ठेवतो, ती परंपरा इतकी आखडती नव्हती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या दुसऱ्याच अध्यायात अठ्ठावीस प्रकारच्या यवागू, म्हणजे पेजा, सांगितल्या आहेत, वेगवेगळ्या तक्रारींसाठी वेगवेगळ्या. वमन-विरेचनानंतर रुग्णाला जेवणावर परत आणण्याचा जो क्रम आयुर्वेदात आहे, तो पेयेपासून सुरू होतो, तिथून घट्ट विलेपी, मग बिनफोडणीचं कढण, मग फोडणीचं कढण आणि शेवटी मांसरस. प्रत्येक पायरीवर जेवणाच्या किती वेळा काढायच्या तेही ठरलेलं. म्हणजे पेज ही पहिली पायरी होती, आणि जिना मांसरसापर्यंत जात होता. मधल्या काळात वरच्या पायऱ्या कुणी सोवळ्यापायी सोडल्या, कुणी गरिबीपायी. कोल्हापूरकडची घरं आजाऱ्याला अळणी देतात, तेव्हा ती या क्रमाच्या जास्त जवळ असतात असं मला वाटतं. जिथे मांस चालत नाही तिथे मुगाचं कढण, कुळथाचं कढण, दही, अंडं चालत असेल तर मऊ उकडलेलं अंडं, असा जिना आजही बांधता येतो. मेतकुटातही हरभरा आणि उडीद भाजून दळलेले असतातच. ते चिमूटभर न भुरभुरता दोन मोठे चमचे घातलं, तर चवीबरोबर थोडं बळही पोटात जातं.

ताप आलेल्याला उपाशी ठेवावं हा समज काही आपलाच नाही. युरोपातही तापाच्या रोग्याला पातळ पाण्यावर झुरवण्याची रीत मोठी होती. डब्लिनचे डॉक्टर रॉबर्ट ग्रेव्ह्‌ज यांनी एकोणिसाव्या शतकात ती मोडायचा आग्रह धरला. तापाच्या रोग्यांना खाऊ घातलं, एवढीच आपली ओळख थडग्यावर राहावी अशी इच्छा त्यांनी बोलून दाखवली होती, असं सांगतात.

हे सगळं ज्या आजारात सर्वांत जास्त लागू पडतं तो क्षय. झारखंडमध्ये ‘रेशन्स’ नावाचा मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. चार जिल्ह्यांतल्या २,८०० क्षयरुग्णांना औषधांबरोबर दरमहा तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल असा शिधा दिला. निम्म्या गटात घरातल्या बाकीच्या माणसांनाही तांदूळ आणि डाळी दिल्या. त्या घरांत नव्याने क्षय होण्याचं प्रमाण जवळपास चाळीस टक्क्यांनी घटलं. ज्या रुग्णांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका साठेक टक्क्यांनी कमी आढळला. यात नवी लस नव्हती, नवं औषध नव्हतं. डाळ-तांदूळ होते. निक्षय पोषण योजनेत सरकार २०१८पासून रुग्णाला महिन्याला ५०० रुपये देत होतं, नोव्हेंबर २०२४पासून १,००० देतं. दिवसाला तेहतीस रुपये. ही वाढ मला मनापासून स्वागतार्ह वाटते आणि तितकीच अपुरीही, कारण खात्यावर आलेल्या पैशांचं कढण आपोआप होत नाही. कुणीतरी मूग आणायचा, भिजवायचा, शिजवायचा आणि ज्याला गिळवत नाही त्याच्याजवळ वाटी धरून बसायचं असतं.

एका सरकारी रुग्णालयाच्या पुरुष वॉर्डात मी पाहिलेलं ताट डोळ्यांसमोरून जात नाही. दोन चपात्या, पातळ वरण, सुकलेला भात, कोबीची भाजी. आहार म्हणून त्यात फारसा दोष नव्हता. पण ते ज्याच्या पुढ्यात ठेवलं त्याच्या तोंडात फोड होते. त्याच्या मुलीने चपातीचा कडेचा कडक भाग काढून टाकला, उरलेली वरणात कुस्करली, बोटांनी चेपून तिचा लगदा केला, तोवर वरण निवलं होतं. तीन घास गेले. ताटं गोळा करणारा आला आणि बाकीचं घेऊन गेला. कागदावर त्या माणसाचं दुपारचं जेवण झालं होतं. फ्लोरेन्स नाइटिंगेलने आजारशुश्रूषेवरच्या आपल्या पुस्तकात अन्नावर दोन वेगळी प्रकरणं लिहिली. त्यातली तिची तक्रार हीच आहे की अन्न मुबलक असूनही रोगी उपाशी राहतात, कारण ते त्यांना कोणत्या वेळी, कसं आणि किती घेता येईल याकडे कुणी बघत नाही. दीडशेहून अधिक वर्षं उलटून गेली, तरी त्या वॉर्डाला तिची तक्रार जशीच्या तशी लागू होती.

आणि घरात जिच्यावर हे सगळं बघायचं असतं, तीच आजारी पडली तर? तापाने फणफणलेली बाई उठून बाकीच्यांचा स्वयंपाक करते आणि स्वतः चहा-पाव खाऊन गोळी घेते, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे. शेजारीण डबा आणून देते तेव्हा ‘कशाला त्रास घेतलास गं’ म्हणते, आणि त्यातलं आधी मुलांना वाढते. नवऱ्याला वरण-भाताचा कुकर लावता येत नाही याला आजही कौतुकाने हसणारी घरं आहेत. त्या हसण्याची किंमत ती बाई आपल्या हाडामांसाने मोजते. मुलगा असो की मुलगी, चौदा-पंधरा वर्षांच्या प्रत्येकाला मुगाची मऊ खिचडी, पेज आणि कढण करता आलंच पाहिजे. शाळेत प्रथमोपचार शिकवतात, त्याच तासाला हे शिकवायला हरकत काय आहे?

एकटं राहणाऱ्यांची संख्या वाढते आहे. पुण्या-मुंबईत खोली घेऊन राहणारी मुलं, मुलं परदेशी गेलेले म्हातारे. २०२० आणि २०२१ साली घरात कोंडलेल्या रुग्णांसाठी गल्लोगल्ली डबे गेले, अनोळखी माणसांनी अनोळखी माणसांच्या दारात मऊ खिचडी ठेवली. साथ ओसरली आणि ती व्यवस्था विरून गेली.

ती कायमची उभी करता येईल अशी जागा आपल्याकडे आहे. आदिवासी भागात गरोदर आणि स्तनदा मातांना अमृत आहार योजनेतून अंगणवाडीत गरम चौरस जेवण मिळतं. गावोगाव शाळेत खिचडी शिजते. म्हणजे चूल आहे, भांडी आहेत, शिजवणाऱ्या बायका आहेत. रुग्णालयातून घरी सोडताना कार्डावर आज ‘हलका आहार’ एवढे दोन शब्द असतात. त्याऐवजी पहिले तीन दिवस काय, पुढचे दहा दिवस काय, दिवसातून किती वेळा, आणि घरी शिजवणारं कुणी आहे का, एवढं तिथे लिहिलं जावं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल, तर त्या माणसाचं पंधरा दिवसांचं जेवण गावातल्या या चुलीवर शिजावं, आणि त्यासाठी बायकांना जादा कामाचे जादा पैसे मिळावेत.