सुताएवढे अंतर

मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढणारा कारागीर घोडीचा माथा कानशीने जरासा घासतो, तार छेडतो, कान देतो, पुन्हा घासतो. उतार मनाजोगता झाला की तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवतो; तो तांदळाभर पुढे-मागे होताच आतापर्यंत मुका वाटणारा खरज उलगडू लागतो आणि कुणीही न छेडलेला गांधार त्यातून वर येतो. ज्या घराण्यांनी ही विद्या जोपासली त्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे होते. धार ओळखणारे बोटच पुढे नाद ओळखू लागले असावे, असे मला आपले वाटते.

पण तो गांधार ऐकू येतो तो कुठे? कानाच्या पडद्याला लागलेला कंप तीन इवल्या हाडांवरून शंखासारख्या वळलेल्या नळीतल्या द्रवात उतरतो, तिथल्या लांबट पटलावर प्रत्येक स्वर आपापली जागा शोधतो, तीव्र स्वर तोंडाशी आणि खालचे स्वर पार आत. आणि त्या पटलावर ओळीने बसलेल्या केशपेशींच्या माथ्यावरचे सूक्ष्म केस कलतात. हे केस टोकांशी एकमेकांना अतिसूक्ष्म धाग्यांनी बांधलेले असतात. केस कलला की धागा ताणतो, ताणलेला धागा पेशीचे दार ओढतो, पोटॅशियमचे विद्युत्भारित कण आत शिरतात, आणि पेशीच्या बुडाशी झिरपलेले रसायन चेतातंतूला जागे करते. डोळ्यात प्रकाशाला रासायनिक पायऱ्यांची साखळी उतरावी लागते. कानात थेट धाग्यानेच दार उघडते. ऐकण्याच्या दोन्ही टोकांना असे एकेक सूत आहे, या योगायोगातून माझे मन लवकर बाहेर पडत नाही.

यापुढे मात्र नाद उरत नाही. चेतातंतूतला आवेग एक तर उठतो किंवा उठत नाही; त्यात लहानमोठे नसते, उद्दीपन वाढले की आवेगांची गर्दी तेवढी वाढते. सांगलीच्या बाजारातल्या हळदीचा दरवळ, साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्यावर तोंडाला झोंबणारा वारा आणि तंबोऱ्याचा खरज, सगळ्यांची वर्दी एकाच लिपीत जाते. ती कोणत्या वाटेने आणि मेंदूच्या कोणत्या दारी पोचली, यावरच तिचा गंध, स्पर्श वा स्वर होतो. जगाने आपल्या उंबऱ्यावर रूप उतरवून ठेवावे आणि आपण आत ते नव्याने घडवावे, असा हा व्यवहार आहे. मग तो गांधार मिरजेचा की माझा?

सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांना हा प्रश्न असा पडला नसेल. त्यांनी तारेच्या लांबीच्या अपूर्णांकांत सप्तकातल्या बावीस श्रुती पकडू पाहिल्या, अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा त्यासाठी कसोटीला लावला, 1910 मध्ये पुस्तक लिहिले. आणि 1911 मध्ये साताऱ्यात अर्नेस्ट क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर त्यासाठी संस्थाही काढली. त्यांची श्रुतींची बाजाची पेटी पुढे 1916 च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत गवयांना पटली नाही. मला या खटाटोपाचे हसू येत नाही. तार मोजता येते. पण कान ही काही निमूट पट्टी नव्हे. त्यातल्या बाहेरच्या रांगांमधल्या केशपेशी स्वतः आखडतात-लांबतात, मंद कंप वाढवून घेतात, म्हणजे ऐकणाराही आत आपली जवारी लावतच असतो. केसांमधले ते धागे सूक्ष्मदर्शकाखाली दिसले ते 1984 मध्ये. देवल-क्लेमंट्स यांना ते कुठून ठाऊक असणार?

शिवाय ही आतली जवारी झिजते. वयाबरोबर आधी तीव्र स्वरांच्या केशपेशी जातात. खरज ऐकू येतो, पण त्यावरची झळाळी, ज्यासाठी कारागिराने एवढी कानस चालवली, ती उणावते. घोडी मिरजेत पुन्हा घासून मिळते. केशपेशी कोंबडीच्या कानात पुन्हा उगवतात, माणसाच्या नाही. देवलांना हे कळते, तर त्यांनी श्रुतींच्या तक्त्यात श्रोत्याच्या वयाचाही एक रकाना वाढवला असता, असा मला दाट संशय आहे.