लेनिन, टिळक आणि घरचा टीकाकार

बोरीवलीहून सुटलेल्या चर्चगेट लोकलमध्ये कुणा परदेशी नेत्याचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ फिरत असतो. मागे चढं संगीत, खाली दोन शब्दांचा मथळा. अंधेरी येईपर्यंत तो तारणहार तरी ठरतो नाहीतर हुकूमशहा. जाणता वाचक यावर म्हणतो, "पाश्चात्त्य माध्यमं त्याला बदनाम करतात, म्हणजे माणूस बराच असणार." बदनामी होत असेलही, पण त्यावरून चांगुलपणा सिद्ध होत नाही. ही गाडी पुढे ज्या गिरणगावातून जाते, तिथल्या कामगारांनी जुलै 1908 मध्ये टिळकांच्या सहा वर्षांच्या शिक्षेविरुद्ध सहा दिवस संप केला. त्याची दखल लेनिनने परदेशात बसून घेतली आणि टिळकांना लोकशाहीवादी म्हटलं. पुढे जानेवारी 1918 मध्ये इंग्रजी पत्रं लेनिनला जर्मनीचा हस्तक ठरवत असताना टिळकांच्या 'केसरी'ने ते नाकारलं. सरदारांच्या जमिनी शेतकऱ्यांना दिल्याने तो लोकप्रिय आहे, असं सांगितलं. ज्यांना इंग्रज सरकारने राजद्रोही ठरवलं, त्यांनी त्याच सरकारच्या गोटातल्या बातम्यांवर विश्वास का ठेवावा? हा संशय मला रास्त वाटतो. पण त्याच महिन्यात लेनिनच्या सरकारने निवडून आलेली संविधान सभा एका बैठकीनंतर मोडून टाकली आणि तिच्या बाजूने निघालेल्या मोर्चावर गोळ्या झाडल्या.

हे लंडनच्या पत्राने सांगितलं असतं तर अपप्रचार म्हणून झटकता आलं असतं. पण ते लिहिलं मॅक्झिम गॉर्कीने, लेनिनच्या जुन्या स्नेह्याने, पेट्रोग्राडच्या 'नोवाया झीझ्न' या वृत्तपत्रात. तसंच टिळकांचं. 1891 च्या संमती वयाच्या कायद्याला त्यांनी केलेला विरोध लेनिनला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पुण्यात सुधारणावादी आगरकरांचं 'सुधारक' हे पत्र वाचणाऱ्याला तो पुरता ठाऊक होता. म्हणून परदेशी नेत्याबद्दल आधी विचारावं ते त्याच्या वैऱ्याला नव्हे, भक्तालाही नव्हे, तर त्याच्याच भाषेत, त्याच्याच राज्यात राहून बोलणाऱ्या टीकाकाराला. बोलण्याचे परिणाम त्याला स्वतःला भोगायचे असतात.

"आणि तोच विकला गेलेला असला तर?" असू शकतो. गॉर्कीनेही पुढे त्या राजवटीशी जुळवून घेतलंच. म्हणून त्याच्या चारित्र्यापेक्षा त्याचं नेमकं विधान तपासावं: मोर्चावर गोळ्या झाडल्या की नाही? "नोकरी सांभाळून हे कोण शोधणार?" ही अडचण खरी आहे, आणि शोधायला वेळ नसेल तर मत राखून ठेवणं यात कमीपणा नाही. सगळ्यात कठीण आक्षेप वेगळाच: "असा टीकाकार सापडलाच नाही तर?" तेव्हा तो का सापडत नाही, हे आधी विचारावं लागतं. 'नोवाया झीझ्न' जुलै 1918 मध्ये बंद पाडण्यात आलं. त्यानंतर पेट्रोग्राडमधून गॉर्कीची टीका येईनाशी झाली, ती लेनिन निर्दोष ठरला म्हणून नव्हे.