प्रामाण्य, फलसिद्धी आणि कर्नेलची दुरुस्ती

ज्ञानाचे प्रामाण्य, म्हणजे त्याचा खरेपणा, ज्ञानातच असतो की बाहेरून सिद्ध करावा लागतो, हा भारतीय दर्शनांतील जुना वाद आहे. मीमांसक कुमारिल भट्टांच्या मते बाधक ज्ञान पुढे येईपर्यंत प्रत्येक ज्ञान स्वतःच प्रमाण असते, तर नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, ते सफल प्रवृत्तीवरून, म्हणजे त्यानुसार केलेली कृती फळते की नाही यावरून, ठरवतात. लिनक्सच्या कर्नेलची, म्हणजे यंत्र आणि त्यावरील प्रोग्राम यांना जोडणाऱ्या गाभ्याची, दुरुस्ती या वादाला नवी कसोटी देते. ज्या लॅपटॉपवर दोष दिसतो, तो दुरुस्ती लिहिणाऱ्याकडे बहुधा नसतोच. झाकण मिटून उघडल्यावर पडदा काळाच राहतो, याचे प्रत्यक्ष ज्ञान छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकाजवळ राहणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्यालाच असू शकते. पडदा एकदा उजळला एवढ्याने दुरुस्ती खरी ठरत नाही, कारण असे दोष अनेकदा अधूनमधूनच उद्भवतात. म्हणून दुरुस्ती घातल्यावर दोष जातो हा अन्वय आणि ती काढल्यावर तो परततो हा व्यतिरेक, दोन्ही पुन्हा पुन्हा पाहावे लागतात. येथे नैयायिकांची बाजू निःसंशय बळकट दिसते.

तरीही दुरुस्तीच्या लेखकाला शेवटी ती आपल्या यंत्रावर तपासणाऱ्या परीक्षकाच्या शब्दावरच विसंबावे लागते, आणि त्या परीक्षकाचे नाव ‘टेस्टेड-बाय’ या नोंदीने बदलाच्या इतिहासात राहते. न्यायभाष्यकार वात्स्यायनांनी आप्ताचे, म्हणजे विश्वासार्ह वक्त्याचे, लक्षण सांगताना वस्तूचे साक्षात ज्ञान आणि ती जशी जाणली तशी सांगण्याची इच्छा एवढेच मागितले, आणि ते ऋषी, आर्य व म्लेच्छ यांना सारखेच लागू केले; ही उदारता भारतीय ज्ञानमीमांसेचा मोठा ठेवा आहे. त्या लक्षणानुसार ‘दोष गेलेला नाही’ असे प्रामाणिकपणे कळवणारा विद्यार्थीही आप्तच ठरतो.