राखण आणि संशय

16 एप्रिल 2020 च्या रात्री पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले गावी दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक जमावाच्या मारहाणीत मेले. चोर आणि मुले पळवणारे फिरताहेत, या अफवेमुळे टाळेबंदीत परिसरातल्या गावांत रात्रीची राखण सुरू झाली होती. गाव सुरक्षित राहावे म्हणून जागणाऱ्यांतूनच हा जमाव उभा राहिला. म्हणून धर्माला विचारायचा खरा प्रश्न असा: भीतीपोटी केलेली हिंसा पाप ठरत नाही का? माझ्या मते ठरते. भीती वाटणे माणसाच्या हातात नसते, पण तिलाच पुरावा मानून हात उचलणे हा अधर्मच आहे.

कुणी म्हणेल, पोलीस ठाणे लांब, रस्ता जंगलातला. गावाने स्वतःला जपू नये का? जरूर जपावे. अनोळख्याला अडवावे, विचारावे, पोलिसांना कळवावे. राखणीचा अधिकार इथे संपतो. गडचिंचल्यात तर पोलीस आल्यावरही मार थांबला नाही, तेव्हा एकटेपणाची सबब उरत नाही. शिवाय परका म्हणजे धोका, हे गृहीतकच लटके आहे. याच जिल्ह्यात बोईसर-तारापूरच्या कारखान्यांतले परप्रांतीय कामगार वर्षानुवर्षे स्थानिकांच्या शेजारी राहत आले आहेत. तरीही परक्यावरचा संशय जीव घेतो: 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण अशाच संशयाने मारले गेले. दोन्ही गावांत बळी गेलेल्यांपैकी कुणीही मूल पळवले नव्हते.