जुगाराविषयी पक्षांचे धोरण

आष्ट्याच्या बाजारपेठेत मटक्याची चिठ्ठी लिहिताना कोणी सापडला, तर त्याजवर १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यान्वये खटला होतो. ते योग्यच होय. परंतु त्याने, 'सरकारने १९६९ साली स्वतःची लॉटरी काढली, मग माझी चिठ्ठी तेवढी गुन्हा कशी?' असे विचारले, तर काय सांगावे? कायद्याचे उत्तर आहे, नीतीचे आम्हांस सुचत नाही. एक पैसा सरकारी तिजोरीत जातो, दुसरा जात नाही. मजुराची बायको मात्र दोन्ही वेळी रिकाम्या डब्याकडेच पाहते.

१९७६ साली आपल्या विधिमंडळाने कॅसिनोंवरील नियंत्रण व कर यांचा कायदा केला. तो कधी अंमलात आणिला नाही, आणि पुष्कळ काळ रद्दही केला नाही. मध्यंतरी काँग्रेस, पुलोद, शिवसेना-भाजप युती, राष्ट्रवादी अशा सर्वांनी राज्य केले. शेवटी २०२३ साली मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचे ठरविले. सत्तेचाळीस वर्षे दार ना उघडे, ना बंद! कोणाही पुढाऱ्यास आपले मत सांगावे लागले नाही, ही त्यातली मोठी सोय.

शेजारच्या गोव्यात तर दार सताड उघडले. तेथे काँग्रेसच्या राजवटीत १९९२ साली पंचतारांकित हॉटेलांतील जुगारयंत्रांस व १९९६ साली जहाजांवरील खेळास कायद्याने वाट दिली. भारतीय जनता पक्ष विरोधी बाकांवर असता मांडवीतील कॅसिनोंविरुद्ध आवाज उठवीत असे. २०१२ साली सत्ता त्याच्या हाती आली, आणि जहाजे होती तेथेच राहिली. मग काँग्रेसला त्यांतील पाप दिसू लागले.

मत बदलणे हा दोष नव्हे. चोरून चालणाऱ्या जुगारापेक्षा उघडा व नियंत्रित जुगार बरा, असे कोणी प्रामाणिकपणे म्हणेल. त्याशी आमचा वाद आहे, पण त्याचा आम्ही आदर करू. मात्र हे त्याने मते मागावयास येताना सांगावे, आणि खुर्ची मिळाल्यावर मन पालटले, तर कारणही सांगावे.

येथे आम्हांस एक गोष्ट कबूल केली पाहिजे. एका मंडळीत आम्ही सेवेस असता उपासनामंदिराच्या पत्र्यांसाठी बक्षिसांची सोडत काढण्याची सूचना आली. पैशांची निकड होती. जुगाराविरुद्ध आम्ही कित्येकदा बोललो होतो. त्या सभेत मात्र गप्प बसलो. तिकिटे खपली, पत्रे आले. पुढे एका बहिणीने येऊन सांगितले, 'पाळकसाहेब, धन्यांना मटक्यावरून बोलले, तर ते म्हणतात, तुमच्या देवळातही तेच चालते.'

त्या बाईस आम्ही पाणी दिले, बसावयास सांगितले. उत्तर काही दिले नाही.