‘काही होत नाही’

आपल्या सीमाभागातील घरांत धीर देण्याचे दोन शब्दप्रयोग सारख्याच सहजतेने चालतात. मराठीत ‘काही होत नाही’ आणि तेलुगूत ‘एम् कादू’. इंजेक्शनला भिऊन मूल रडू लागले की आजी एक म्हणते, शेजारीण दुसरा म्हणते, आणि मूल गप्प होते. या शब्दांचे मोल मी नाकारीत नाही. प्रश्न एवढाच, की ते कोणत्या प्रसंगी उच्चारण्याचा आपल्याला नैतिक अधिकार आहे? निव्वळ सोयीसाठी आपल्या धडधाकट अवयवावर शस्त्रक्रिया करून घ्यायला निघालेले माणूस समोर असेल, तर तो अधिकार आपल्याला मुळीच नाही, असे माझे मत झाले आहे.

निमित्त घरचेच घडले. माझी धाकटी बहीण हैदराबादेत नल्लकुंट्याला, फीवर हॉस्पिटलच्या बाजूला राहते. नांदेड-देगलूरकडच्या माणसांना डोळ्यांसाठी हैदराबाद गाठणे नवे नाही. बंजारा हिल्सवरची एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था १९८७ साली सुरू झाली, तिचे नाव आपल्याकडे खेड्यापाड्यांतही ठाऊक आहे. बहिणीची मुलगी २३ वर्षांची, दोन्ही डोळ्यांना उणे साडेपाचचा चष्मा. स्थळे येऊ लागली तशी ‘लेसर करून टाकू’ ही भाषा घरात सुरू झाली. शहरातल्या एका खासगी रुग्णालयात प्राथमिक तपासणी झाली आणि संमतिपत्रक हाती आले. ते इंग्रजीत आणि तेलुगूत. बहीण तेलुगू फर्डे बोलते, पण वाचता येत नाही. भाची म्हणाली, ‘‘मामा, तुम्हीच वाचून सांगा ना, आईलाही कळेल.’’ बहिणीने मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच बजावले, ‘‘दादा, तिला घाबरवू नकोस. एम् कादू म्हण, बस.’’

आता त्या कागदात होते काय? ज्याचा नंबर उणे असतो त्याचा डोळा बहुधा किंचित लांबट असतो, म्हणून लांबच्या वस्तूची प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच तयार होते. लेसरने डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, मध्यभागी थोडा चपटा करतात. हा पडदा मध्यावर जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. (ज्या लेसरने हे साधते त्याने जिवंत पेशीसमूह आजूबाजूला न भाजता कोरता येतो, हे न्यूयॉर्कजवळच्या आय. बी. एम.च्या प्रयोगशाळेत १९८१ साली दाखविणाऱ्या तिघांत मद्रास विद्यापीठात शिकलेले रंगस्वामी श्रीनिवासन होते, आणि पहिला प्रयोग सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या अवशेषावर झाला होता. ही हकीगत मी वर्गात आवर्जून सांगतो.)

शस्त्रक्रियेला सुई नसते. बधिर करणारे थेंब असतात. पापण्या मिटू नयेत म्हणून चिमटा लावतात. मग डोळ्यावर एक कडे घट्ट बसवतात, तेव्हा चांगलाच दाब जाणवतो आणि काही सेकंद दिसणे अंधुक होते, क्वचित अंधारूनच येते. कॉर्नियाचा वरचा पातळ पापुद्रा बाजूला उलटवून लेसर चालवतात. ते काम बहुधा मिनिटभरात संपते. जळक्या केसांसारखा वास येतो. थेंबांचा असर उतरला की काही तास डोळ्यांत तिखट गेल्यासारखी आग, पाणी, उजेड न सोसणे. दुसऱ्या पद्धतीत पापुद्रा न करता वरचा नाजूक थरच काढतात. त्यात दुखणे तीन-चार दिवस चालते.

इथवर बहीण शांतपणे ऐकत होती. पुढे धोके आले आणि शब्दांची पंचाईत झाली. रात्री दिव्यांभोवती दिसणाऱ्या वलयाला इंग्रजीत जो शब्द होता तो भाचीने नुसता वाचून सोडून दिला होता. मी म्हटले, ‘‘चंद्राला पडते ना, ते खळे.’’ तशी ती एकदम थांबली. रात्री साडेनऊला ती कामावरून विद्यानगरच्या रस्त्याने स्कूटीवर घरी येते. समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या दिव्याला खळे असेल तर काय, हे तिला त्या क्षणी पहिल्यांदा दिसले. इंग्रजी शब्द तिला कळत नव्हता असे नाही. तो तिच्या रस्त्यावर आला नव्हता.

अमेरिकेत सरकारी औषध प्रशासनाच्या पुढाकाराने झालेली एक पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. तीत आपल्या दृष्टीबद्दल असमाधानी राहिलेले लोक १०० मध्ये चार-पाचांहून अधिक नव्हते. पण आधी असला काहीच त्रास नसलेल्यांपैकी १०० मध्ये ४० हून अधिक जणांना तीन महिन्यांनी खळी, चकाकी, दुहेरी प्रतिमा यांपैकी काही ना काही नव्याने जाणवत होते. दोन्ही आकडे खरे आहेत. जाहिरातीत पहिला असतो. डोळे कोरडे पडून खुपणे हा तर नेहमीचा त्रास, कारण पापुद्रा कापताना नाजूक मज्जातंतूही कापले जातात. बहुतेकांचे काही महिन्यांत निवळते, थोड्यांचे निवळत नाही. अगदी विरळा कोणाचा कॉर्निया दुबळा होऊन पुढे फुगत जातो. ज्यांचा पडदा मुळात पातळ किंवा वेडावाकडा, त्यांना डॉक्टरांनी परत पाठवायचे असते ते याचसाठी. आणि चाळिशी लागायची ती लागतेच.

रोग्यापासून पुष्कळसे झाकून ठेवावे, असा सल्ला हिप्पोक्रेटिसच्या नावावर मोडणाऱ्या लेखनातही आहे. अप्रिय सत्य टाळायला सांगणारे सुभाषित आम्ही मुलांकडून पाठ करून घेतो. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली यांच्या खटल्यात संमती म्हणजे माहितीपूर्वक दिलेली संमती, असा निर्वाळा दिला. उपचाराचे स्वरूप, पर्याय, महत्त्वाचे धोके हे सारे सांगितले पाहिजे. मात्र रोग्याला घाबरवतील असे दूरचे, केवळ तात्त्विक धोके सांगण्याची गरज नाही, असेही त्याच निकालात म्हटले आहे. अपेंडिक्स फुटायला आलेल्या माणसाबाबत मला हे पटते. त्याला दुसरा मार्ग नसतो, आणि भीती हा त्याला आणखी एक आजारच होईल. पण जिच्याजवळ चष्मा नावाचा बिनधोक पर्याय नाकावर बसलेला आहे, तिच्यासाठी विरळा धोकाही दूरचा ठरत नाही. कारण तो ती गरज म्हणून पत्करीत नाही, निवड म्हणून पत्करते. आणि निवडीतला धोका दुसऱ्याने झाकला की निवड तिची राहत नाही.

बहिणीचा आक्षेप निराळाच होता. ‘‘एवढे ऐकून कोण करून घेईल?’’ मला तसा अनुभव आला नाही. भाचीचा चेहरा उतरण्याऐवजी ती वही घेऊन बसली. अंधारात बाहुली किती मोठी होते हे मोजले का, अश्रूंची तपासणी केली का, कॉर्निया किती शिल्लक राहील, असे प्रश्न तिने मराठीत लिहिले आणि मग इंग्रजीत केले. ‘एम् कादू’ ऐकून तिला यांतला एकही प्रश्न सुचला नसता.

राहिला स्थळांचा भाग. चष्मा गेला तरी डोळा लांबट तो लांबटच राहतो आणि दृष्टिपटल फाटण्याचा धोका चष्म्यासह जात नाही. डोळ्याच्या आतल्या पडद्याची तपासणी पुढेही करीत राहावी लागते. मग मुलाकडच्यांनी विचारले तर काय सांगायचे? बहीण म्हणाली, विचारले तर ना! भाची म्हणाली, ‘‘मी पहिल्याच भेटीत सांगणार. नंबर होता, लेसर केले, किंवा केले नाही, जे असेल ते.’’ त्यावर मायलेकींत जे बोलणे झाले ते निम्मे तेलुगूत झाले आणि मला त्यात पडायचे कारण नव्हते. अश्रूंची तपासणी व्हायची आहे. तारीख त्यानंतर.